पडदा काळा होतो तेव्हा आधी तिसरी पिन पाहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणकाचा पडदा काम चालू असताना अचानक काळा होतो, दोन-तीन सेकंदांनी आपोआप परत येतो, आणि दुकानात नेला की दिवसभर ठणठणीत चालतो. या दुखण्यापायी मागच्या हिवाळ्यात मी ७,२०० रुपये घालवले आणि एका मुलीवर विनाकारण रागावलो. पैसे गेले ते गेले. त्या मुलीवर रागावलो याचे मात्र अजून वाईट वाटते. हेच दुखणे अनेक घरांत आणि संस्थांत असते आणि बहुतेक जण माझ्यासारखाच आधी नवा मॉनिटर आणतात, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

अकोल्यात जठारपेठ भागात माझी टंकलेखन संस्था आहे. ३४ वर्षांपूर्वी गोदरेजच्या सहा यंत्रांवर ती सुरू झाली, आज दहा संगणक आहेत. मुले-मुली महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी या संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी करायला येतात. कोणी मराठी ३०, कोणी इंग्रजी ४०. बाहेरच्या माणसाला वाटेल, दोन सेकंद पडदा गेला तर असे काय बिघडले? मिनिटाला ३० शब्दांची गती म्हणजे दर दोन सेकंदांना एक शब्द. गतीचा उतारा ७ मिनिटांचा. जुन्या यंत्रावर उतारा कागदावर असायचा, वीज गेली तरी खिडकीच्या उजेडात हात चालू राहायचा. आता सरावात उतारा पडद्यावरच असतो, वरच्या भागात उतारा आणि खाली आपण टाइप केलेले. पडदा गेला की वाचायलाच काही उरत नाही. परत आल्यावर डोळ्यांना ओळ सापडेपर्यंत आणखी चार-पाच सेकंद जातात, आणि एकदा ठेका तुटला की पुढचे मिनिटभर बोटे चुकत राहतात.

ज्या मुलीवर मी रागावलो ती बार्शीटाकळीकडच्या एका गावाहून एसटीने येते. आई शेतमजुरी करते. तिची वेळ सकाळी ८ ते ९, आणि ९.२० ची गाडी चुकली तर कॉलेजचा पहिला तास बुडतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती मध्येच हात काढून बसायला लागली. विचारले तर म्हणे, स्क्रीन गेली. मी जाऊन पाहावे तर स्क्रीन समोर लख्ख. दोनदा असे झाले, तिसऱ्यांदा मी सगळ्यांसमोर बोललो की सराव करायचा नसेल तर कारणे सांगू नकोस. ती काही बोलली नाही. नंतर कळले की तिला खरेच वाटत होते, आपल्याच हातून एखादी भलती कळ दाबली जाते. खेड्यातून आलेल्या मुलांचे हे नेहमीचे आहे. यंत्र बिघडले तरी ती आधी स्वतःची चूक शोधतात.

आठ दिवसांनी मी स्वतः, ती बसते त्याच ७ नंबरच्या संगणकावर एक अर्ज टाइप करत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर पडदा काळा झाला. मॉनिटर उचलला आणि दुकानात नेला. तिथे दोन तास चालवून पाहिला, काही झाले नाही, तरी सांगण्यात आले की ‘पॅनल जात आलंय, नवीन घ्या.’ घेतला. ७,२०० रुपये. चौथ्या दिवशी त्याच जागेवर नवा कोरा मॉनिटर तसाच काळा झाला.

त्या रात्री मला माझे टंकयंत्र दुरुस्तीचे गुरुजी आठवले. ते म्हणत, एकच अक्षर फिके उमटले तर दोष त्या अक्षराच्या दांडीचा, सगळीच फिकी उमटली तर रिबनचा, आणि ओळीच्या शेवटीच बिघडत असेल तर कॅरेजकडे बघ. आधी पाहायचे आणि मग पेचकस उचलायचा. मी ३४ वर्षे मुलांना हेच सांगत आलो, आणि संगणक समोर आल्यावर मात्र दुकानदार म्हणेल ते खरे मानले.

दुसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये एक दोनशेपानी वही दोरीने बांधून ठेवली. ज्याचा पडदा जाईल त्याने लिहायचे: तारीख, वेळ, यंत्र क्रमांक, किती सेकंद, मॉनिटरच्या खालच्या बारीक दिव्याचा रंग काय होता, आणि त्या क्षणी खोलीत काय चालले होते. शेवटचा रकाना मी सहज म्हणून घातला होता. सगळा उलगडा त्यातूनच झाला.

त्या बारीक दिव्याबद्दल थोडे सांगतो, कारण पडदा काळा होणे हे एकच दुखणे नाही. दिवासुद्धा विझला तर मॉनिटरला वीजच पोहोचत नाही, म्हणजे प्लग, वायर, अ‍ॅडॉप्टर किंवा आतला पॉवरचा भाग पाहायचा. दिवा पिवळा-नारिंगी झाला किंवा लुकलुकू लागला, किंवा ‘नो सिग्नल’ अशी पाटी आली, तर मॉनिटर जिवंत आहे आणि सीपीयूकडून चित्र येत नाही. तेव्हा केबल आणि सीपीयू पाहायचे. दिवा नेहमीसारखा निळा-पांढरा आणि चित्र मात्र गायब, असे असेल तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरपा धरावा. आतली अक्षरे पुसटशी दिसली तर चित्र येते आहे, फक्त त्यामागचा उजेड गेला आहे. ही परीक्षा फुकट आहे आणि घरात कोणालाही करता येते. शिवाय पडदा काळा असताना कळफलकावरची नम लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागला-विझला तर संगणक आतून चालू आहे, केलेले काम गेलेले नाही, घाबरून बटण दाबून बंद करू नये.

बारा दिवसांत वहीत ४१ नोंदी झाल्या. आमच्या हॉलमध्ये दोन रांगा आहेत. भिंतीकडच्या रांगेत जुने मॉनिटर, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेल्या निळ्या व्हीजीए केबलचे. खिडकीकडच्या रांगेत गेल्या जूनमध्ये घेतलेले सेकंडहँड मॉनिटर, एचडीएमआय केबलचे. दोन-तीन सोडल्या तर सगळ्या नोंदी खिडकीकडच्या रांगेतल्या. मग मी ७ नंबरचा नवा मॉनिटर भिंतीकडे ३ नंबरला लावला आणि ३ चा जुना ७ वर आणला, दोन्हींना व्हीजीए आणि एचडीएमआय अशी दोन्ही तोंडे होती म्हणून हे जमले. जागा बदलली, पण ज्या जागेवर ज्या केबला होत्या त्या तशाच ठेवल्या. दुखणे मॉनिटरबरोबर गेले नाही, ७ नंबरच्या जागेवरच राहिले. म्हणजे मॉनिटर निर्दोष. दुसऱ्या दिवशी फक्त सीपीयू बदलला. तरीही तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे पथ्य इथे फार महत्त्वाचे आहे. मी आधी घाईत मॉनिटर आणि केबल दोन्ही एकदम बदलले असते तर कोणामुळे काय झाले हे कधीच कळले नसते.

आणि मग ती मुलगी माझ्या टेबलाशी आली. वहीचा शेवटचा रकाना तिने वाचून काढला होता. म्हणाली, ‘सर, मागचा पोरगा खुर्चीवरून उठला का माही स्क्रीन जाते.’

मला ते पटले नाही. तरीही तिच्या मागच्या मुलाला सांगितले, ऊठ. काही झाले नाही. बस, पुन्हा ऊठ. तिसऱ्या वेळी तो झटकन उठला आणि तिचा पडदा काळा झाला. सगळा वर्ग गप्प झाला. आम्ही वीस वेळा करून पाहिले, सहा वेळा पडदा गेला. वहीतल्या ४१ पैकी २९ नोंदींत शेवटच्या रकान्यात लिहिलेले होते: बॅच सुटली, कोणी उठले, कोणी बसायला आले. डोळ्यांसमोर होते, मी वाचले नव्हते.

दिवाळीत एका बंद झालेल्या ऑफिसमधून मी दहा हायड्रॉलिक खुर्च्या स्वस्तात घेतल्या होत्या. त्याआधी आमच्याकडे लाकडी स्टुले होती. या खुर्च्यांच्या मधल्या नळकांड्यात गॅस असतो, माणूस उठला की खुर्ची किंचित वर येते. रेक्झिनची गादी, नायलॉनची चाके, आणि बसणाऱ्याच्या अंगात हिवाळ्याचा अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर. उठताना हे एकमेकांवर घासते आणि स्थिर वीज साठते. हिवाळ्यात स्वेटर काढताना अंधारात चटचट ठिणग्या दिसतात, तोच हा प्रकार. बोटाला चटका जाणवतो तेव्हा ती वीज साधारण ३,००० व्होल्टच्या वर गेलेली असते, प्रवाह मात्र इतका क्षणिक की माणसाला इजा होत नाही. खुर्चीच्या लोखंडी भागांमध्ये ही वीज ठिणगीसारखी सुटते आणि तिच्यातून रेडिओलहरींचा एक झटका बाहेर पडतो. जवळून जाणारी केबल तो झटका अँटेनासारखा पकडते. गॅसच्या खुर्चीमुळे पडदा काळा होतो हे तंत्रज्ञांना माहीत असलेले, नोंदलेले दुखणे आहे हे मला पुण्यात हार्डवेअरचे काम करणाऱ्या भाच्याने फोनवर सांगितले. तोपर्यंत मला वाटत होते की असे काही सांगितले तर लोक मला वेड्यात काढतील.

मग भिंतीकडच्या जुन्या मॉनिटरांना का होत नव्हते? तिथेही त्याच खुर्च्या होत्या. भाच्याने सांगितले ते मला नीट समजले, म्हणून इथे देतो. व्हीजीए केबलमधून चित्र उतरत्या-चढत्या विजेच्या रूपात जाते. मध्ये झटका आला तर पडद्यावर क्षणभर एखादी रेघ थरथरते, आपले लक्षही जात नाही. एचडीएमआयमध्ये चित्र आकड्यांच्या रूपात जाते. १९२० बाय १०८० टिंबांचे चित्र सेकंदाला ६० वेळा, म्हणजे सेकंदाला १२ कोटींहून अधिक टिंबे. हा ओघ मोजायचा मॉनिटरचा ताल एका झटक्याने चुकला, तर तो चुकीचे चित्र दाखवण्याऐवजी पडदा काळा करतो, पुन्हा ताल धरतो आणि मग चित्र आणतो. त्यालाच दोन-तीन सेकंद लागतात. चांगल्या केबलला तारांभोवती जाळीचे आणि पत्र्याचे आवरण असते, ते झटका आत येऊ देत नाही. आमच्या सेकंडहँड मॉनिटरांबरोबर आलेल्या केबला पातळ, लांब आणि वीजेच्या वायरींबरोबर एकाच गुंडाळीत बांधलेल्या होत्या.

इथे मी थांबलो असतो तर खुर्च्या काढल्या असत्या आणि विषय संपला असता. पण वहीत आणखी एक नोंद तीन-चार जणांनी केली होती: सीपीयूच्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात. या नोंदीने माझी झोप उडाली.

वायरमनला बोलावले. त्याने मल्टिमीटर लावला. आपल्याकडे फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये जवळपास शून्य, फार तर एक-दोन व्होल्ट दिसायला हवेत. आमच्याकडे १०८ दिसले. फेज आणि अर्थिंगमध्ये दिवा लावून पाहिला, तो पेटलाच नाही. (हा प्रयोग घरी कोणी करू नये, तो वायरमनचेच काम आहे.) अर्थ एकच होता: भिंतीतल्या पॉइंटांना तिसरे, म्हणजे अर्थिंगचे भोक होते, भोकामागे हिरवी वायर होती, पण ती वायर जमिनीपर्यंत पोहोचतच नव्हती. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेतली गडबड गाळण्यासाठी छोटे कॅपॅसिटर (वीज साठवणारे भाग) असतात आणि त्यांतून थोडी गळती अर्थिंगकडे जायला हवी असते. वाट बंद असली की लोखंडी डब्यावर मुख्य विजेच्या साधारण निम्मे व्होल्ट येऊन बसतात. एका यंत्राची गळती अगदी नगण्य. पण आमच्याकडे दहा यंत्रांची गळती एकाच तुटलेल्या हिरव्या तारेवर जमा होत होती. आणि खरा धोका पुढेच होता. एखाद्या यंत्रात फेजची तार डब्याला चिकटली असती, तर तीच तार दहाही डब्यांवर २३० व्होल्ट घेऊन गेली असती. सकाळच्या बॅचला दहा मुले असतात.

तार कुठे तुटली? दिवाळीपूर्वी मी अंगणात फरशी बसवून घेतली होती. अर्थिंगचा खड्डा अंगणाच्या कोपऱ्यात होता, मीठ-कोळसा घातलेला, वर सिमेंटचे चौकोनी झाकण. गवंड्याने विचारले, हे काय, मी म्हटले, जुनंच काहीतरी आहे, घे बुजवून. हे माझेच शब्द. खड्डा फरशीखाली गेला. पाइपाला नटाने आवळलेली पट्टी आधीच गंजलेली होती, फरशीच्या कामात ती उरलीसुरली निखळली. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात अशी तडकते की भेगेत हात जावा. नळीभोवतीची माती सुकून तिच्यापासून सुटते. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायची पद्धत होती. माझे वडील दर आठवड्याला बादलीभर घालत. मला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटायची.

फरशी फोडली. नवा जीआय पाइप, नवी पट्टी, नट, मीठ-कोळसा, पाणी. मजुरीसह ४,३०० रुपये. संध्याकाळी मीटरवर न्यूट्रल-अर्थिंगमध्ये एक व्होल्टही दिसला नाही. झिणझिण्या त्याच दिवशी बंद. पुढच्या आठवड्यात वहीत पडदा गेल्याच्या ११ नोंदी होत्या, त्याआधीच्या आठवड्यात २३ होत्या. म्हणजे एकट्या अर्थिंगने सगळे मिटले नाही, पण निम्म्यावर आले. मग एचडीएमआयच्या केबला बदलल्या. लांबी पुरेल तेवढीच, दीड मीटर, जाड आवरणाच्या आणि टोकाला तो काळा गोल मणी असलेल्या. मण्याच्या आत फेराइट असते, ते असले झटके शोषते. वीजेच्या वायरी टेबलाच्या एका बाजूने आणि चित्राच्या दुसऱ्या बाजूने नेल्या. एका केबलला २८० रुपये. खिडकीकडच्या रांगेत स्टुले परत आणली, हायड्रॉलिक खुर्च्या भिंतीकडे ठेवल्या. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून त्या रांगेत एकही नोंद नाही, एक मॉनिटर सोडून.

तो एक ८ नंबरचा. त्याचा दिवासुद्धा विझायचा, आणि तोही सकाळी यंत्र थंड असताना. हा मात्र खरोखर मॉनिटरचा दोष होता. जुन्या शहरात टीव्ही दुरुस्त करणारे एक कारागीर आहेत, त्यांनी माझ्यासमोर तो उघडला. पॉवरच्या पट्टीवर दोन कॅपॅसिटर होते, त्यांचे डोके सपाट असायचे ते पुरीसारखे फुगले होते. त्यांनी ते काढून १०५ अंश लिहिलेले बसवले. आधीच्यांवर ८५ लिहिलेले होते. त्यांचे म्हणणे, दर दहा अंश उष्णता वाढली की या कॅपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या गावात ८५ चा माल टिकणार कसा. ३५० रुपये घेतले आणि काढलेले दोन्ही कॅपॅसिटर माझ्या हातावर ठेवले. मला हे फार आवडले. मॉनिटर उघडण्याचा प्रयोग वाचकांनी घरी करू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त वीज काही वेळ साठून राहते.

भिंतीकडच्या ४ नंबरचे दुखणे आणखी वेगळे होते. तिथे पडदा जायचा आणि परत आल्यावर कोपऱ्यात डिस्प्ले ड्रायव्हरबद्दल संदेश यायचा. चित्र काढणाऱ्या भागाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही तर विंडोज त्याला स्वतःहून पुन्हा सुरू करते, त्यात पडदा क्षणभर जातो. सीपीयू उघडून धूळ काढली, बनवणाऱ्या कंपनीचा योग्य ड्रायव्हर टाकला, थांबले. पडदा काळाच राहिला आणि संगणक चालू आहे असे वाटले, तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबून पाहाव्यात. बारीक आवाज येतो आणि चित्र परतण्याची शक्यता असते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आता पहिल्याच दिवशी शिकवतो.

मला वाटले, प्रकरण संपले. मार्चअखेर कूलर बाहेर काढून लावले आणि १० नंबरच्या पडद्याच्या नोंदी पुन्हा सुरू झाल्या. यावेळी खुर्चीचा संबंध नव्हता. कूलर चालू असताना खोलीत दमट हवा असते, स्थिर वीज फारशी साठत नाही. नोंदीत लिहिलेले होते, कूलरचे बटण दाबले. कूलर आणि १० नंबर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर होते. पंख्याची मोटर सुरू-बंद होताना बटणात ठिणगी पडते आणि लाइनवर झटका जातो. वायरमनकडून कूलरला मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन घेतली. विदर्भात घरोघरी कूलर आहेत आणि पोरांचा संगणक बहुधा त्याच बोर्डवर असतो, कारण खोलीत एकच पॉइंट असतो. निदान पाण्याचे कूलर आणि संगणक एका बोर्डवर ठेवू नका, पाणी ठिबकले तर पडद्यापुरते प्रकरण राहणार नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

दुरुस्ती करणाऱ्या बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे की ग्राहकाने मॉनिटर आणला आणि तो तुमच्याकडे नीट चालला, तर ‘पॅनल जात आलंय’ असे सांगू नका. तुमच्याकडे चालतो आणि त्याच्याकडे चालत नाही, याचा अर्थ दोष त्याच्या घरात असू शकतो. एवढेच विचारा: तिकडे तिसरी पिन आहे का? सीपीयूला झिणझिण्या येतात का? केबल कोणती? हे विचारायला एक मिनिट लागते. आणि भाग बदललात तर जुना भाग परत द्या, बिलावर काय तपासले ते दोन ओळींत लिहा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, पण आमच्यासारख्या गावांत तो हक्क अशा दोन ओळींच्या बिलातूनच मिळेल. शिवाय जुन्या मॉनिटरांत पडद्यामागे उजेडासाठी ज्या नळ्या असतात त्यांत पारा असतो, आणि ते मॉनिटर भंगारात फोडले जातात. विनाकारण फेकलेला प्रत्येक मॉनिटर त्या ढिगात जातो.

टंकलेखन संस्था, संगणक वर्ग आणि परीक्षा केंद्रे चालवणाऱ्यांना सांगणे आहे की परीक्षेच्या हंगामापूर्वी एकदा वायरमनकडून प्रत्येक पॉइंटचे न्यूट्रल-अर्थिंग मोजून घ्या. आमच्याकडे दहा पॉइंटांना अर्धा तास लागला. थ्री-पिन प्लगची जाड पिन कापून टू-पिनमध्ये घातलेली असेल तर तो प्लग त्याच दिवशी बदला. मी स्वतःच्या संस्थेत असे दोन शोधले. सिमेंटखाली, फरशीखाली, कुंडीखाली गेलेला अर्थिंगचा खड्डा शोधून काढा. आणि एखादी मुलगी म्हणाली की स्क्रीन गेली, तर आधी तिचे खरे माना. परीक्षेत असे झाले तर तिने हात वर करून पर्यवेक्षकाला तिथल्या तिथे सांगायला हवे, आणि ते सांगण्याची भीड तिला वाटू नये हे आपण सरावातच शिकवायला हवे. मी नेमके उलटे शिकवले होते.

तिची मी वर्गासमोरच माफी मागितली, कारण बोललोही वर्गासमोरच होतो. वहीचे काम आता तिच्याकडे आहे. ७ नंबरवर ती बसते, मराठी ३० चा उतारा वेळेत पूर्ण करते, आणि ९.२० च्या गाडीला जाण्यापूर्वी शनिवारी अंगणातल्या खड्ड्याचे झाकण उचलून एक बादली पाणी ओतते. मी तिला सांगितलेले नाही. मी ओतताना तिने पाहिले होते.

आपला,
एक टंकलेखन संस्थाचालक,
जठारपेठ, अकोला